'एकच प्याला' पहिल्यांदा वाचताय? मग आधी हे वाचा

बडोद्यातल्या मराठी घरांत 'एकच प्याला' हे नाव सगळ्यांना माहीत असतं. त्यातली दोन-तीन पदं आजीला किंवा काकांना पाठ असतात. नाटक मात्र मुळातून वाचलेली माणसं फार थोडी भेटतात. मी स्वतः ते हातात घेतलं तेव्हा चाळिशी जवळ आली होती. शाळा गुजराती माध्यमाची, मराठी घरात बोलण्यापुरतं, त्यामुळे पहिल्या अंकातच दम लागला आणि पुस्तक मिटलं. वर्षभराने पुन्हा घेतलं. तेव्हा शेवटापर्यंत पोचले, पण नायिका सिंधूचा इतका राग आला की बाकी काही दिसलंच नाही. तिसऱ्या वेळी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी शेजारपाजारच्या पाच जणांना जमवलं आणि दर शनिवारी थोडं थोडं मोठ्याने वाचलं, तेव्हा कुठे ते उलगडलं. तुम्हाला त्या पहिल्या दोन फेऱ्या माराव्या लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

एक आधीच सांगते. नाटकाची गोष्ट इथे लपवलेली नाही. शेवट माहीत असला तरी या नाटकाचं काही बिघडत नाही. उलट माहीत असलेलाच बरा.

१. सामान जमवा

फार काही लागत नाही.

- नाटकाची पूर्ण संहिता. संक्षिप्त आवृत्ती किंवा शाळेच्या पुस्तकातला उतारा घेऊन बसू नका. नाटककार राम गणेश गडकऱ्यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली, त्यामुळे लेखनावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही आणि संहिता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते. कागदावरच वाचायचं असेल तर आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी विभागात विचारा. सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेलं हे ग्रंथालय. सभासद व्हायला जाताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो सोबत असू द्या, म्हणजे दुसरी खेप पडत नाही.
- मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश. तोही इंटरनेटवर आहे. जुने शब्द आजच्या छोट्या कोशांत सापडत नाहीत.
- पदांची ध्वनिमुद्रणं, शक्यतो सिंधूची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या आवाजातली.
- एक वही आणि एक पेन्सिल. ही सगळ्यात महत्त्वाची. कशासाठी ते पुढे येईल.

२. आधी दोन तारखा लक्षात ठेवा

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळ सावनेरला क्षयाने गेले. वय तेहेतीस. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी केला, आणि तो आपल्या बडोद्यात. मधे फक्त अठ्ठावीस दिवस. नाटककाराने आपलं सगळ्यात गाजलेलं नाटक रंगभूमीवर पाहिलंच नाही.

गडकऱ्यांचा जन्मही बडोदे संस्थानातलाच, नवसारी प्रांतातला, १८८५ सालचा. गंधर्व मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. म्हणजे हे नाटक पुण्या-मुंबईहून आपल्याकडे पाहुणं म्हणून आलेलं नाही. रावपुऱ्यातून, सूरसागरच्या कडेने जाताना मला अजूनही वाटतं की त्या फेब्रुवारीत इथूनच माणसं टांग्यातून प्रयोगाला गेली असतील. आदल्याच वर्षी इन्फ्लूएंझाच्या साथीने घरंच्या घरं ओस पाडली होती, महायुद्ध नुकतंच थांबलं होतं, महागाई होती. समोर बसलेल्या प्रेक्षकांतल्या कितीतरी जणांच्या घरात ताजा मृत्यू होता. शेवटचा अंक वाचताना ही गोष्ट मनात असू द्या.

३. माणसं ओळखून घ्या

पहिल्या वाचनात मी नावांतच अडकले होते. म्हणून हे पान वहीत उतरवून घ्या.

सुधाकर: गरिबीतून स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला तरुण वकील. हुशार, मानी, रागीट.
सिंधू: त्याची बायको, श्रीमंत माहेरची.
पद्माकर: सिंधूचा भाऊ.
रामलाल: सुधाकरचा जिवलग मित्र.
शरद: सुधाकरची बहीण, बालविधवा.
तळीराम: सुधाकरचा कारकून, पक्का दारुडा.
गीता: तळीरामची बायको.
भगीरथ: प्रेमभंगामुळे दारूकडे वळलेला आणि पुढे सावरलेला तरुण.

गोष्ट थोडक्यात अशी. कोर्टात सुधाकरचा मुन्सफाशी खटका उडतो, तोंडातून नको ते शब्द जातात आणि त्याची वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते. त्या अपमानाने तो जळत असताना तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो, दुःख विसरण्यापुरता, एकच. तिथून नोकरी नाही, पैसा नाही, अब्रू नाही. सिंधू जात्यावर दळणं दळून घर चालवते. शेवटी दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून तान्हं मूल जातं, सिंधू जाते, आणि तो स्वतः विष मिसळलेला शेवटचा प्याला घेतो.

४. त्या काळाच्या तीन गोष्टी समजून घ्या

इथे घाई करू नका. माझी दुसरी खेप वाया गेली ती हे माहीत नसल्यामुळे.

*दारू.* गावोगाव मोहाची दारू आणि ताडी पूर्वीपासून होतीच. इंग्रजी अमलात त्यात आबकारीची, म्हणजे दारूवरच्या कराची, भर पडली. मुंबई इलाख्यात १८७८ साली आबकारीचा कायदा झाला. दारू गाळणं आणि विकणं सरकारच्या मुठीत गेलं, मक्ते देऊन पैसा उभा राहू लागला. लोक जितकं पितील तितकी तिजोरी भरेल, असा हा हिशेब. म्हणून दारूला विरोध करणं ही नुसती नीतीची बाब उरली नव्हती. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांसमोर निरोधनं (पिकेटिंग) झाली, ती याच पार्श्वभूमीवर.

दुसरी बाजू शिकलेल्या वर्गाची. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दारूचा थेंब आला नव्हता, त्या घरांतली इंग्रजी शिकलेली मुलं पेला हातात धरणं हे पुढारलेपणाचं लक्षण मानू लागली होती. नाटकात तळीराम 'आर्यमदिरामंडळ' काढतो. हे नाव वाचून आपण हसतो आणि पुढे जातो. त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात आणखी काही ऐकू येत होतं. आर्य समाज १८७५ सालचा, पंडिता रमाबाईंचा आर्य महिला समाज १८८२ सालचा; प्रत्येक सुधारणेसाठी एक सभा, एक मंडळ, एक अध्यक्ष असण्याचा तो जमाना. गडकऱ्यांनी तीच भाषणं, तेच ठराव आणि तोच डौल दारुड्यांच्या बैठकीला चढवला आहे. हे प्रवेश वाचताना एखाद्या गंभीर सभेचा अहवाल वाचतो तसे वाचा, मग त्यांची धार कळते.

*सनद.* आज आपण वकिलाचं लायसन्स म्हणू. सनद नसेल तर कोर्टात उभं राहता येत नाही आणि मिळकत त्याच दिवशी थांबते. सुधाकरच्या मागे जमीनजुमला नाही की वडिलोपार्जित घर नाही. त्याच्याकडे आहे ती बुद्धी आणि त्या कागदामुळे मिळालेला मान. तो कागद गेला की तो कोण उरतो, हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. माझ्या मते नाटकाचं मूळ इथे आहे. सुधाकर दारूच्या चवीपायी बुडत नाही, अपमान गिळता न आल्यामुळे बुडतो. हा मुद्दा हातातून निसटला की पुढचं सगळं दारूबंदीचं व्याख्यान वाटायला लागतं.

*बाई.* आता माझ्या रागाचं कारण. सिंधू निघून का जात नाही? भाऊ श्रीमंत आहे, न्यायला तयार आहे, मग ही इथेच का मरते?

जायला वाट कोणती होती ते आधी बघू. हिंदू कायद्यात तेव्हा घटस्फोट नव्हता. आपल्या बडोदे संस्थानात तो १९३१ साली आला आणि देशभरातल्या सगळ्या हिंदूंसाठी १९५५ साली. सिंधूच्या जन्माआधीच मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं त्यांनी नाकारलं, तेव्हा १८८७ साली कोर्टाने त्यांना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला. रखमाबाई डगमगल्या नाहीत, पुढे डॉक्टर झाल्या आणि इथे जवळच सुरतेला त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. पण असा लढा देणारी बाई लाखात एक. उरलेल्यांसाठी माहेरी परतणं म्हणजे भावाच्या घरात, वहिनीच्या नजरेखाली, नवऱ्याने टाकलेली म्हणून आयुष्य काढणं.

शरदची गोष्ट यालाच जोडून वाचायची. विधवाविवाहाला कायद्याची संमती १८५६ पासून होती, पण कायदा आणि घराचा उंबरा यांत पिढ्यांचं अंतर होतं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं, आणि त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. आपल्या संस्थानात १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. नाटकातली बालविधवा ही प्रेक्षकांना ऐकीव गोष्ट नव्हती. बहुतेकांच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, अशी एखादी आत्या किंवा मावशी होती.

५. वहीत 'दारं' मांडा

ही युक्ती आमच्या शनिवारच्या वाचनात एका काकांनी काढली. पेशाने ते शिक्षक होते आणि आयुष्यभर फळ्यावर तक्ते काढत आले होते. वहीच्या पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात: कोणतं दार बंद झालं. दुसऱ्यात: कोणासाठी. तिसऱ्यात: कोणी बंद केलं.

सनद गेली, हे पहिलं दार. सुधाकरसाठी, आणि बंद करणारं कोर्ट. पण शब्द तोंडातून काढले ते सुधाकरनेच, म्हणून तिसऱ्या रकान्यात दोन नावं. पद्माकर बहिणीला न्यायला येतो, ती नाही म्हणते. हे दार सिंधूने स्वतःच्या हाताने लावलं. कोणाकडून पैचीही मदत घ्यायची नाही, असं सुधाकर तिच्याकडून वदवून घेतो. इथे पुन्हा त्याचं नाव. पुढे एकदा तो शुद्धीवर येतो, दारू सोडायची म्हणतो, काम मागायला बाहेर पडतो आणि अब्रूदार माणसं दारुडा म्हणून त्याला उभंही करत नाहीत. इथे तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं यावर आमच्याकडे तासभर वाद झाला. शेवटी काकांनी 'आपण' असं लिहिलं.

शरदसाठी मात्र एक दार उघडतं. रामलालने तिला मुलीसारखं सांभाळलेलं असतं, तरी त्याचंही मन तिच्याकडे ओढ घेतं. ते ओळखून तो स्वतःला आवरतो आणि भगीरथची वाट मोकळी करतो. पुष्कळ जण हे उपकथानक ओलांडून सिंधू-सुधाकरकडे जातात. तसं करू नका. रामलालला स्वतःला आवरता येतं आणि सुधाकरला येत नाही; ही दोन माणसं शेजारी शेजारी ठेवून वाचायची आहेत.

वही भरत गेली तशी माझी सिंधूकडे पाहायची नजर पालटली. तिचं पातिव्रत्य मला आजही पटत नाही आणि ते तुम्हालाही पटावं असं नाही. पण दळण दळणारी सिंधू कोणाची गरीब गाय नाही, ती त्या घरातली एकटी कमावणारी आहे. नवऱ्याचा मान राखता राखता तिने सगळ्या वाटा बंद करून घेतल्या, आणि त्या मानाचीच किंमत तिच्या मुलाने चुकवली. गडकऱ्यांना हे कितपत अभिप्रेत होतं यावर वाद घालता येईल. कागदावर ते आहे.

६. भाषेला घाबरू नका

गडकऱ्यांची वाक्यं लांब असतात, अनुप्रासाने भरलेली, उपमेवर उपमा. मनातल्या मनात वाचलीत तर धाप लागेल. मोठ्याने वाचा. ही भाषा तोंडात घोळवण्यासाठी, तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या प्रेक्षकालाही ऐकू जावी म्हणून लिहिलेली आहे; तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. अडलेल्या शब्दापाशी थांबू नका, खाली रेघ मारा आणि प्रवेश संपल्यावर कोश उघडा.

आमच्यासारख्यांना, ज्यांचं अर्धं बोलणं गुजरातीत असतं, एक फायदाही आहे. कोर्टकचेरीतले फारसी वळणाचे बरेच शब्द गुजरातीतही आहेत, ते अडत नाहीत.

७. तळीरामला विदूषक समजू नका

त्याचे प्रवेश हसवतात आणि हसायलाच हवं. तो आजारी पडतो तेव्हा डॉक्टर आणि वैद्य यांची जी जुंपते, ती वाचताना आमच्याकडे एका आजींच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. पण तोच बायकोला छळणारा माणूस आहे हे गीता विसरू देत नाही. सुधाकरच्या बुद्धीचा जो वापर वकिलीत व्हायचा तो पुढे दारूचं समर्थन करण्यात होतो. तळीरामकडे ती बुद्धी सुरुवातीपासून त्याच कामाला जुंपलेली आहे. सुधाकर पुढे व्यसनाच्या पायऱ्या एकेक करून रामलालला समजावून सांगतो, तो उतारा दोनदा वाचा. आपण कुठवर आलो आहोत हे त्याला स्पष्ट दिसतं, तरी परत फिरता येत नाही.

८. पदं कधी ऐकायची

नाटकातली पदं गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. कितीतरी जुन्या लोकांनाही हे माहीत नसतं. काही चाली गायिका सुंदराबाईंकडून आल्या, म्हणून त्यांत ठुमरी-गझलेची लकब आहे.

आधी सगळी पदं ऐकून मग नाटक वाचायला बसू नका. नाटक मैफलीसारखं वाटायला लागतं. प्रवेश वाचा, पद जिथे येतं तिथे थांबा आणि तेवढंच ऐका. सिंधू माहेरी जायला नकार देते त्यानंतर 'कशि या त्यजू पदाला', बाळाला खेळवताना 'चंद्र चवथिचा'. बालगंधर्वांच्या शालू-पैठण्या बघायला बायका नाटकाला येत, त्यांनी सिंधूसाठी ठिगळं लावलेलं लुगडं नेसलं. आवाज ऐकताना ते लुगडं डोळ्यांसमोर आणा.

९. गटात वाचणार असाल तर

पाच अंक आहेत, पाच बैठका धरा. भूमिका वाटून घ्या, दर बैठकीला बदला. सुधाकर एकाच माणसाला पूर्ण वेळ देऊ नका, जड जातं.

आणि एक गोष्ट आम्ही केली नव्हती, तुम्ही करा. सुरू करण्याआधी सगळ्यांना सांगा की ज्याला नको वाटेल त्याने कारण न देता उठून जावं. आमच्याकडे चौथ्या बैठकीला एक बाई वाचता वाचता थांबल्या, पुस्तक शेजारणीच्या हातात दिलं आणि आत जाऊन भांडी घासू लागल्या. महिन्याभराने त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं. त्यांच्या घरी वीस वर्षं हेच चाललं होतं. गुजरात १९६० पासून दारूबंदीचं राज्य, १९४९ चा मुंबईचा कायदा इथे तसाच पुढे चालू राहिला. त्यामुळे इथल्या घरात दारू असेल तर ती लाज असते आणि गुन्हाही असतो. डॉक्टरकडे जायचं तरी भीती, शेजाऱ्याला सांगायचं तरी भीती. सिंधू नवऱ्यावर बोट का उगारत नाही हे मला शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यांतून समजून घ्यावं लागलं होतं. त्यांना ते समजावून सांगायची गरज नव्हती.

१०. शेवटचा अंक आणि नंतर पहिला

शेवटचा अंक एका बैठकीत संपवा, मधे चहा नको. झाल्यावर लगेच चर्चा सुरू करू नका, त्या दिवशी घरी जा.

पुढच्या शनिवारी मात्र पुन्हा जमा आणि पहिला अंक परत काढा. आता पेन्सिल लागेल. सुधाकर अजून थांबू शकला असता असं तुम्हाला वाटतं, ती शेवटची ओळ शोधा आणि तिच्या शेजारी खूण करा. दुसऱ्याची न बघता. पहिल्या अंकात सापडली नाही तर दुसऱ्यात जा, तिसऱ्यात जा. आमच्या प्रतीत सहा जणांच्या सहा खुणा आहेत, सहा वेगवेगळ्या पानांवर. सगळ्यात उशिराची खूण त्या भांडी घासायला गेलेल्या बाईंची आहे, पार चौथ्या अंकात.